गार केलेली भट्टी

मित्रांनो, भट्टी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर गुऱ्हाळ येईल. मीही एक जुनी भट्टीच आहे, पण माझ्या पोटात उसाचा रस कधी उकळला नाही. माझ्यात सिलिकॉनच्या चकत्या भाजत असत. बशीहून लहान आणि आरशासारख्या गुळगुळीत. त्या लालबुंद तापल्या की त्यांच्यात दुसरी द्रव्ये मुरतात, मग त्यांचे तुकडे करून डायोड बनतात. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. तो जळाला की वेल्डिंगचे यंत्र बंद, चार्जर बंद, रेडिओही मुका. एवढासा तुकडा, पण त्याच्यासाठी आपण परक्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो.

माझी गोष्ट सांगताना मला राग येतो. तो मी लपवणार नाही.

मला अंजलीताईंनी बनवले. त्या इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या. वडील भानुदासतात्या लाइनमन होते. खांबावर चढून त्यांनी लेकीला इंजिनिअर केले. पुण्याच्या एका कारखान्यात ताई डायोड बनवायला शिकल्या. पण नव्वद साल उलटले, बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला आणि मालकांनी तो विभागच मोडून टाकला. यंत्रे भंगारात निघाली. त्या ढिगातून ताईंनी क्वार्ट्झ काचेची एक लांब नळी मागून घेतली, गोधडीत गुंडाळून बारामतीला आणली आणि औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या शेडमध्ये तिच्याभोवती मला उभे केले. तारेची वेटोळी त्यांनी स्वतः वळली. वायरिंग तात्यांनी केले. चकत्या धुवायला सांगवीच्या द्वारकाबाई आल्या.

सुरुवातीला सगळे बिघडले. चकत्या वाकल्या, तडकल्या. ताई चिडत, कारण शोधत आणि पुन्हा भाजत. अशातच इंदापूरच्या एका वर्कशॉपचे काम अडले. उसाचा हंगाम तोंडावर, ट्रॉल्या जोडायला आलेल्या आणि वेल्डिंग यंत्रातला डायोड जळालेला. परदेशातून येणारा माल बंदरात अडकून पडला होता. ताईंनी माझ्यात भाजलेला डायोड नेऊन बसवला. तो तापला, पण टिकला. अख्खा हंगाम टिकला. मिस्त्री पेढे घेऊन शेडवर आले.

"ताई, आता बाहेरचा नको. तुमचाच द्या. लागंल तेवढा द्या."

लागेल तेवढा! तिथेच तर घोडे पेंड खात होते. माझ्या प्रत्येक भाजणीतले निम्मे तुकडे धुळीने वाया जात. धूळ न शिरणारी खोली हवी होती, दुसरी भट्टी हवी होती आणि बिघडलेले पुन्हा करून बघायला उसंत हवी होती. बँका म्हणाल्या, आधी नफा दाखवा. तेवढ्यात नव्या तंत्रासाठी सरकारी निधी जाहीर झाला. ताईंनी अर्ज केला आणि एका सकाळी समिती आली.

मित्रांनो, आता नीट ऐका. माझ्यातली नळी एकदा भरपूर तापली की तिला गार होऊ द्यायचे नसते. त्या उष्णतेने काचेचा पोत बदलतो आणि गार होताना ती चिरते. म्हणून वीज गेली की तात्या धावत जाऊन जनरेटर सुरू करत. जेवणाच्या ताटावरूनही उठत.

तात्यांनी समितीला जयभीम घातला, पाणी दिले. अध्यक्षांनी पेल्याला हात लावला नाही. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"हे तंत्र कुठल्या देशातून घेतलं?"

"इथंच तयार केलंय, साहेब," ताई म्हणाल्या.

"म्हणजे कुणी वापरून पाहिलेलं नाही."

"आधी कुणी वापरलेलं असतं, तर ते नवीन कसं झालं असतं?"

अध्यक्षांना हे झोंबले. "बंद करा भट्टी. उघडून, नळी बाहेर काढून दाखवा."

"साहेब, झाकण सरकवते, आत बघा. पण गार केली तर नळी चिरेल. दुसरी मिळायची नाही."

"बघितल्याशिवाय मंजुरी नाही. जनतेचा पैसा आहे, बाई."

ताईंनी तात्यांकडे पाहिले. तात्यांनी मान हलवली, नको. पण दुसरी वाट नव्हती. ताईंनी हळूहळू माझी आच उतरवली. साहेब लोक जेवायला गेले आणि मी निवत राहिले. लाल रंग काळवंडला. मग माझ्या पोटात कट्ट असा आवाज झाला. द्वारकाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

अध्यक्ष परत आले, चिरलेल्या नळीकडे बघून म्हणाले, "इतकी नाजूक? हिच्यावर पैसा कसा लावायचा?"

आणि गेले!

तो निधी मिळाला शेजारच्या शेडला. तिथे परदेशातून तयार डायोड यायचे, त्यांच्यावर इथले नाव छापायचे आणि नव्या खोक्यात भरायचे. याला नवे तंत्र म्हणतात, मित्रांनो! उद्घाटनाला तेच अध्यक्ष आले. ओवाळायला द्वारकाबाईंना बोलावणे आले. त्या तिथे गेल्या आणि सगळ्यांदेखत बोलल्या, "मी न्हाय ओवाळायची. चालती भट्टी गार केली तुमी. आमच्या पोटावर पाय दिला अन् आता आरती व्हय?"

सोबत गेलेल्या ताई पुढे झाल्या. "साहेब, आज बाहेरचे स्वस्त देतायत. उद्या द्यायचे थांबले, तर हे खोकं उघडून काय काढणार?"

अध्यक्ष हसले. "अहो, जग जवळ आलंय. सगळं मिळतं."

ताईंनी नव्या नळीसाठी वर्षभर दारे झिजवली. दरम्यान सिंगापूरच्या एका कारखान्याने त्यांचा डायोड तपासला आणि ताईंनाच बोलावून घेतले. निघण्याच्या दिवशी ताई माझ्या पत्र्यावर तळहात टेकून उभ्या राहिल्या. तात्यांनी त्यांची बॅग उचलली.

"जा पोरी. तितं तुला इचारत्यात तरी. हितं कुणाला हाय गरज?"

आता मी कळसला, तात्यांच्या घरामागे पत्र्याखाली उभी आहे. मागे एक भंगारवाला माझ्या तारेसाठी आला होता. तात्यांनी त्याला हाकलले.

"ही भंगार न्हाय. भंगार तिकडं टेबलामागं बसल्यालं हाय."

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. हळहळण्याने काही पेटत नाही. तुमच्यातले कोणी उद्या त्या टेबलामागे बसेल. समोर कोणी आपल्या हातांनी घडवलेली वस्तू घेऊन उभे राहील. त्यांचे आधी ऐका. पहिल्यांदा फसले तर दुसऱ्यांदा पैसे द्या, दुसऱ्यांदा फसले तर तिसऱ्यांदाही द्या. आणि देताना उपकार केल्याचा तोरा मिरवू नका. गरज त्यांना तुमची नसते, देशाला त्यांची असते. एवढे जमणार नसेल, तर त्या खुर्चीत बसूच नका.