एसीच्या डब्याचं दुखणं

धाकट्या शीलानं नागपूरला जायला एसी डब्याची तिकिटं काढली, हे ऐकल्यापासून यशोधराच्या पोटात दुखत होतं. औषध घेऊन बरं होणारं ते दुखणं नव्हतं.

दीक्षाभूमीला आईला न्यायचा मान अकरा वर्षं यशोधराचा. विठ्ठलवाडीच्या चाळीत आई तिच्याकडेच राहायची. दर दसऱ्याला कल्याणहून दुपारच्या गाडीचा स्लीपर ठरलेला. आणि आता बदलापूरला, बेलवलीत फ्लॅट घेतलेली ही शीला म्हणत होती, "ताई, या वर्षी आईला मी नेते. गुडघे किती दुखतात तिचे. एसीत चादर, उशी, ब्लँकेट सगळं मिळतं."

"आणि भाडं?"

"तिप्पट. पण त्या मानानं आराम आहे ना."

"कसला आराम? खिडकी उघडत नाही. बाहेरचा वारा नाही, स्टेशनवरचा चहावाला नाही. पेटीत बसून जायचं." एवढ्यावर शीला गप्प बसेना, तेव्हा यशोधरानं दडपून सांगितलं, "डॉक्टरांनी आईला एसी बंद केलाय. छाती भरते." आई शेजारीच तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

अशी यशोधरा जिंकली. गाडी कल्याणहून सुटली तेव्हा तिचा चेहरा निवडणूक जिंकल्यासारखा फुलला होता. नाशिकपर्यंत म्हणून दोन अनोळखी प्रवासी आईच्या पायाशी टेकले होते. आई गुडघे पोटाशी घेऊन खिडकीत बसली होती.

इगतपुरीला वडे घेताना यशोधरा म्हणाली, "बघ, कशी मोकळी हवा आहे. तिकडे कोंडून गेली असतीस."

"हवा चांगली आहे," आई म्हणाली. वडा संपवून म्हणाली, "यशे, डॉक्टरचं खोटं कशाला बोललीस? तिनं तुला विचारायच्या आदल्या दिवशीच मी तिला फोनवर नाही म्हटलं होतं, तरी तिनं तुला विचारून बघितलं."

यशोधरानं वडा कागदावर परत ठेवला. "म्हणजे तुला जायचंच नव्हतं?"

"जायचं होतं की. पडदा ओढून पाय पसरायचे, पांढऱ्या चादरीवर निजायचं. एकदा बघावंसं वाटत होतं. पण तू घर डोक्यावर घेतलं असतंस. मला तुझ्याच घरात राहायचंय ना."

"मग मला बोलायचंस आधी."

"तू कुठं विचारलंस? शीलानं विचारलं, 'आई, तुला कशानं जायचंय?'"

अकरा वर्षं तिकीट यशोधरानं काढलं, बर्थ तिनं निवडला, डब्यात भाकरी-चटणी तिनं बांधली. हे एक वाक्य तेवढं तिला कधी सुचलं नव्हतं, आणि धाकटीला ते एका फोनवर सुचलं होतं. एसी, चादर, तिप्पट भाडं, सगळ्याचा हेवा तिनं केला होता. पण शीलाचा इतका हेवा तिला आजवर कधीच वाटला नव्हता.