एकेरी हँडल

दोन हजार अकरा साली कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान बंद झालं आणि त्याच्या जागी चष्म्यांचं दुकान आलं. त्याच वर्षी धाकटीने, सदुसष्टी गाठल्यावर, घरात कॉफीचं मशीन आणायचं ठरवलं.

दोघी जावांमधली ती धाकटी, म्हणून घरादारात तिला सगळे धाकटीच म्हणत. आता तसं म्हणणारं कुणी जवळ उरलं नव्हतं. तरी आरशात बघताना तिला अजून धाकटीच दिसायची, पांढऱ्या केसांची.

दोघा भावांनी एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर समोरासमोर घरं घेतली होती. दारं दिवसभर सताड उघडी. थोरलीने भाजी फोडणीला टाकली की धाकटीला ठसका लागायचा, आणि धाकटीने रेडिओ लावला की थोरली तिकडून ओरडायची, "आवाज वाढव गं, मी काय पाप केलंय?" पुढे एकामागून एक दोघेही भाऊ गेले. दोघी जावा उरल्या. दारं मात्र उघडीच राहिली.

थोरलीचा स्वभाव हुकमी. धाकटीने चाकू उचलला, सुईत दोरा ओवायला घेतला, पंख्याची जळमटं काढायला स्टुलावर चढली, की मागून आवाज यायचा, "बाजूला हो. तुला नाही जमायचं." आणि खरंच ती स्वतः सगळं करून मोकळी व्हायची. सुरुवातीची काही वर्षं धाकटीच्या ते डोक्यात जायचं. मग अंगवळणी पडलं. मग, कधी ते तिला सांगता आलं नसतं, पण त्या शब्दांवाचून दिवस अळणी वाटू लागला.

दर गुरुवारी दोघी कोपऱ्यावर जाऊन कॉफी प्यायच्या. छोट्या कपातली, घट्ट, वर बदामी फेस असलेली. थोरली टेबलाशी बसायचीच नाही. काउंटरपाशी उभी राहून मशीन चालवणाऱ्या माणसावर नजर ठेवायची. "अहो, किती वेळ सोडताय? करपली ती." तो बिचारा म्हणायचा, "बाई, तुम्हीच या आत." थोरली म्हणायची, "येईन एक दिवस."

मग थोरली गॅस विसरायला लागली. पहिल्यांदा दोघी हसल्या. दुसऱ्यांदा पातेलं काळं ठिक्कर पडलं आणि धूर जिन्यात उतरला. थोरली म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं." धाकटीने मान हलवली. दोन दिवस तिच्या जिवाला चैन नव्हतं. वास आला की उठायची, नाही आला तरी उठायची. तिसऱ्या दिवशी तिने पुतण्याला फोन केला.

पुतण्या आला तो बॅग घेऊनच. आईला आपल्याकडे नेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. घर भाड्याने दिलं. निघताना थोरली उंबऱ्यात थांबली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "जाऊबाई, तुमचे उपकार झाले."

धाकटीचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. कानाला हेडफोन लावून दिवसभर "कोणता नंबर हवाय आपल्याला?" म्हणायचं. समोरचा कितीही खेकसला तरी आपण 'आपण' सोडायचं नाही, ही तिथली पहिली शिकवण. 'तुम्ही-आपण' म्हटलं की माणसाला किती लांब उभं करता येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लोकांकडे भांडण झालं की माणसं एकेरीवर येतात. यांच्याकडे भांडण झालं आणि एकेरी गेलं.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं ते असं:

"बऱ्या आहात ना?"

"हो ताई, बरी आहे. तुम्ही?"

"मी बरी. ठेवू का मग?"

समोर आलेलं जोडपं सज्जन होतं, पण सकाळी दार ओढून कामावर जायचं ते संध्याकाळी आल्यावरही दार ओढूनच घ्यायचं. धाकटीनेही मग आपलं दार लावून घ्यायला सुरुवात केली. बंद दारासमोर उघडं दार ठेवणं म्हणजे हात पसरून उभं राहिल्यासारखं वाटायचं.

एक दिवस पुतण्याच्या बायकोचा फोन आला. "काकू, आई फार गप्प असतात हो. गॅसमुळे आम्ही त्यांना ओट्याशी जाऊ देत नाही. परवा एवढंच म्हणाल्या, त्या दुकानातली कॉफी प्यावीशी वाटते. ते तर बंद झालं ना?"

"झालं," धाकटी म्हणाली. तिने फोन ठेवला. मग चपला घालून बाहेर पडली.

मशीनच्या दुकानातला विक्रेता चाळिशीचा होता. चष्मा कपाळावर सरकवून बोलायची त्याला सवय.

"कोण वापरणार, काकू?"

"मी. आणि माझी जाऊ. म्हणजे खरं तर तीच."

"आधी कधी वापरलंय?"

"प्यायलोय भरपूर. अनुभव तेवढाच."

"मग नवशिक्यांसाठी हे उत्तम." त्याने एक चकचकीत मशीन पुढे ओढलं. "डबी टाकायची, बटण दाबायचं, विषय संपला."

"मग माणसाने करायचं काय?"

"प्यायची."

"ते आयतं झालं. माझ्या जावेला आयतं चालत नाही. तिला काहीतरी हाताने करायला लागतं, आणि दुसऱ्याला कसं येत नाही ते सांगायला लागतं."

विक्रेत्याने हसू दाबलं आणि लांब दांड्याचं एक जड मशीन दाखवलं. "हे बघा, सगळं हाताने. दांडा खाली ओढायचा. पण मनगट भरून येईल, आणि पहिले दोन महिने कॉफी बिघडणार, आधीच सांगतो."

"बिघडली तर बोलणी मी खाईन, त्याची सवय आहे. पण तिची मनगटं आता साथ देत नाहीत."

शेवटी तो मधल्या फळीवरच्या लहानशा मशीनपाशी आला. पाणी मागच्या टाकीत भरायचं, पूड जाळीत भरून दाबायची, जाळीचं हँडल मशीनला लावून उजवीकडे घट्ट फिरवायचं, मग बटण. "ह्या जाळीला आतून आणखी एक तळ आहे," तो म्हणाला. "पूड जाड असो, बारीक असो, कमी-जास्त दाबली जावो, ही सांभाळून घेते. फेस येणारच."

धाकटीने जाळीवरून बोट फिरवलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि चालू ठेवून कुणी विसरलं तर?"

"आपोआप बंद होतं."

"नक्की?"

"काकू, माझ्या सासूबाईंकडे हेच आहे. त्या मालिका बघायला बसल्या की घरात आग लागली तरी उठायच्या नाहीत. अजून काही झालेलं नाही."

"हेच द्या," धाकटी म्हणाली.

तो खोकं काढायला गेला तेव्हा ती मनात मांडे खात उभी होती. थोरली येईल. मशीनपाशी जाईल. म्हणेल, हे काय आणलंस? मग म्हणेल, सरक बघू. नुसतं 'आणलंस' ऐकायला मिळालं तरी मशीनचं सार्थक झालं.

"हँडल एकेरी देऊ की दुहेरी?" विक्रेत्याने आतून विचारलं.

"एकेरी," धाकटी म्हणाली. विचारही न करता, जणू तो प्रश्न तिच्या मनातूनच आला होता.

घरी खोकं उघडल्यावर तिच्या लक्षात आलं. दुहेरी हँडलला दोन तोंडं असतात, दोन कप शेजारी ठेवून एकदम भरता येतात. एकेरीला तोंड एक आणि जाळी लहान. एका वेळी एकच कप. तिने दुकानात फोन केला. "या ना, बदलून देतो," विक्रेता म्हणाला. पण तोवर पुतण्याशी बोलणं झालं होतं आणि थोरली दुसऱ्याच दिवशी येणार होती. असू दे, धाकटीने स्वतःला समजावलं, एकापाठोपाठ एक करू. तिने संध्याकाळपर्यंत सराव केला. दर वेळी कॉफी चांगली झाली. जाळी खरोखरच सांभाळून घेत होती.

गुरुवारी पुतण्याने आईला दारात सोडलं. "थोड्या वेळाने येतो, काकू," म्हणाला आणि गाडी लावायला जागा शोधत गेला. थोरली लगेच आत आली नाही. समोरच्या दाराकडे, तिथल्या अनोळखी चपलांकडे बघत उभी राहिली. वाळली होती. धाकटीने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

पूर्वी थोरली आली की थेट स्वयंपाकघरात घुसायची. आज ती बाहेरच्या खुर्चीवर बसली, पाहुण्यांसारखी, पर्स मांडीवर घेऊन.

"आत या ना ताई. एक गंमत दाखवायचीय."

थोरली आत आली. मशीन बघितलं आणि ओट्याजवळच्या खुर्चीवर टेकली. "छान आहे. कधी घेतलंत?"

"काल."

"छान."

धाकटीने पूड भरली, दाबली, हँडल फिरवलं. मागून काहीतरी येईल म्हणून तिचे कान टवकारलेले होते. काहीच आलं नाही. कॉफीची धार बारीक पडली, कप भरला, वर बदामी फेस आला. तिने तो थोरलीपुढे ठेवला.

"घ्या ताई."

"तुमची होऊ द्या."

"एका वेळी एकच होते हो. गार होईल, घ्या."

"होऊ द्या ना. पाहुण्याने एकट्याने प्यायची का?"

पाहुण्याने. धाकटी वळली. कपातला फेस विरायला लागला होता, तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसत होता. तिने घाईघाईने जाळी उलटी करून आपटली, पूड भरली, हँडल लावलं. नीट फिरवलं नाही. बटण दाबलं.

आधी फुसफुस झाली. मग हँडलच्या कडेने कॉफीचं पाणी फवाऱ्यासारखं उडालं, भिंतीवर, डब्यांवर, तिच्या बाहीवर. ती हँडल धरायला धावली.

"बाजूला हो."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि थोरलीच्या हाताने तिला कोपराला धरून बाजूला केलं, अगदी पूर्वीसारखं, जरा जास्तच जोरात. धाकटी बाजूला झाली. तिने मान वळवली नाही. हललं तर मोडेल असं काहीतरी खोलीत आलं होतं.

थोरलीने बटण बंद केलं. दम खाल्ला. मग म्हणाली, "व्हा. बाजूला व्हा, भाजेल तुम्हाला."

एक्स्चेंजमध्ये कधी कधी असं व्हायचं. तासभर खटपट करून लाइन लागायची, पलीकडून श्वास ऐकू यायचा, आणि "हॅलो" म्हणायच्या आत ती तुटायची.

थोरलीने फडकं मागितलं नाही, ते कुठे असतं तिला माहीत होतं. तिने मशीन पुसलं. हँडल हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं, कडेला लागलेली पूड बोटाने काढली, पुन्हा लावलं आणि उजवीकडे अडेपर्यंत फिरवलं. दुसरा कप झाला. तो तिने धाकटीपुढे ठेवला आणि स्वतः आपला गार झालेला घेतला.

"तो टाका ताई, दुसरी करू."

"असू दे. तुम्ही प्या गरम."

दोघी उभ्यानेच प्यायल्या. कप रिकामा झाल्यावर धाकटीने विचारलं, "मी फोन केला नसता तर..."

"तर इमारत पेटली असती. कळतं मला."

"मग?"

थोरलीने कप विसळून पालथा घातला. "तुम्ही चुकला असतात तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण तुम्ही चुकला नाहीत. आता मी सुनावू कुणाला?"

तेवढ्यात बेल वाजली. पुतण्या दारात उभा होता. थोरलीने पर्स उचलली, चपला घातल्या, आणि वळून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी पूड जरा बारीक आणा. आणि मी नसताना त्या हँडलला हात लावू नका, मोडून ठेवाल."

"नाही लावत," धाकटी म्हणाली.

पुतण्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. त्याला वाटलं, पुन्हा काहीतरी बिनसलं.

थोरली त्यानंतर पाच वर्षं गुरुवारी येत राहिली. मशीन तीच चालवायची, धाकटी बाजूला उभी राहायची. 'तू' काही परत आलं नाही. शेवटच्या वर्षी थोरलीला माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हा ती सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणू लागली, पोटच्या मुलालासुद्धा. त्या सगळ्या 'तुम्ही'मधलं आपल्या वाट्याचं कोणतं, हे धाकटीला तिच्या सरावलेल्या कानांनीही ओळखता येईना. एका सकाळी थोरली खुर्चीत बसल्या बसल्याच गेली. पुतण्याने समोरचं घर विकलं. आता तोही निवृत्त झालाय, गुडघ्यांनी हैराण आहे. सूनबाई दर रविवारी काकूंना फोन करते, न चुकता. विक्रेत्याचं दुकान चाललं नाही. तो घरोघरी जाऊन मशीनं दुरुस्त करतो आणि सासूबाईंच्या मशीनच्या गोष्टी सांगतो. समोरचं जोडपं कुठे गेलं, कुणास ठाऊक.

धाकटी ऐंशीच्या पुढे गेली आहे. मशीन तिने सूनबाईला देऊन टाकलं. इतक्या वर्षांत थोरलीच्या लेखी ते तिला नीट चालवता आलंच नव्हतं, आणि आता शिकवणारं कोण? ती गरम पाण्यात बाटलीतली कॉफी ढवळून घेते आणि खिडकीपाशी बसून पिते. फेस येत नाही. गुरुवारी ती दार थोडा वेळ उघडं ठेवते, हवा खेळती राहावी म्हणून, असं विचारणाऱ्यांना सांगते. विचारायला तसं कुणी येत नाही.