दोन चाकांची सवत

"पाणी पेत नाई तो. तोंडाशी नेलं तं मान फिरवते," जगदेवचा दोस्त रामसिंग म्हणाला आणि हातातला गडू त्याने मनकर्णाबाईपुढे धरला. "तुमीच देऊन पाहा, वैनी."

शेलूबाजारच्या बाजाराच्या मैदानात दोरीचं रिंगण बांधलं होतं. त्यात तिचा नवरा जगदेव सायकलवर फिरत होता. बुधवारपासून त्याचा पाय जमिनीला लागला नव्हता. जेवण सायकलवर, अंघोळही सायकलवर. आज दिवस मावळला की उतरायचं आणि जमीनदार दौलतरावांनी त्याला फेटा बांधायचा, असं ठरलं होतं.

मनकर्णाबाई दोरीपाशी उभी राहिली. जगदेव अगदी जवळून गेला. डोळे उघडे होते, पण त्याला काही दिसत नव्हतं.

"अवो, पाणी."

तो तसाच पुढे गेला.

त्या उन्हाळ्यात साऱ्या मुलखालाच सायकलचं वेड लागलं होतं. रिठदला हळू सायकल चालवायची शर्यत झाली, त्यात जगदेव पाय टेकून बाद झाला. मग मंगरूळपीरपासून शेलूबाजारापर्यंत जोराची शर्यत झाली. तिच्यात तो पोचला तेव्हा लोक मांडवाचे बांबू सोडत होते. दुसऱ्यांच्या सायकलींची पंक्चरं काढण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गावात त्याला कुणी नावानेही बोलवत नसे. "ए पंक्चर" म्हटलं की तो उठायचा. म्हणूनच या रिंगणाचं त्याच्या मनाने घेतलं.

"काहून जिवावर उदार होऊन राह्यले तुमी?" मनकर्णाबाईने विचारलं होतं.

"एक डाव तरी लोकायनं मान वर करून मले पाहावं," तो म्हणाला होता.

ती लोकांचं दळण दळून द्यायची. गावात गिरणी आली तरी काही घरांना जात्याचंच पीठ लागे. रोज संध्याकाळी नवरा सायकल पुसायचा, तिला तेल द्यायचा, आणि पहाटे जात्यावर बसली की मनकर्णाबाई त्या सायकलवर ओव्या रचायची. चिडून रचलेल्या, पण म्हणताना तिचं तिलाच हसू यायचं. त्या तिने कुणाला म्हणून दाखवल्या नव्हत्या. जात्याच्या घरघरीत म्हणायच्या आणि पीठ भरलं की मनातच ठेवायच्या.

दुपारपर्यंत भोंग्यावर गाणी चालू होती, तोवर जगदेव ताठ होता. मग भोंग्याची बॅटरी उतरली. उन्हाखेरीज मैदानात काही उरलं नाही, आणि सायकल डुलायला लागली. एकदा दोरीला घासून गेली.

"झोप चढली त्याले," रामसिंग म्हणाला. "पडला तं डोक्शावर पडन."

मनकर्णाबाई दौलतरावांकडे गेली. पदर सावरून म्हणाली, "उतरवा जी त्याह्यले."

दौलतरावांच्या मांडीवर कोरा फेटा होता. त्यांचाही चेहरा उतरला होता. "मी कसा उतरवू, बाई? मानसानं देलेला बोल हाय. त्याच्या मनानं उतरला तं गोष्ट येगळी."

लोक "जगदेव! जगदेव!" ओरडत होते. जन्मात पहिल्यांदा सारा बाजार त्याला नावाने हाक मारत होता, आणि ते त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हतं.

मनकर्णाबाई परत दोरीशी आली. इतक्या पुरुषांसमोर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. तिने दोरी घट्ट धरली, डोळे मिटले आणि जात्यावरचा सूर लावला.

*सवत आनली बाई, बारीक तिची मान,*
*चूल नाई फुकत, तरी तिले मोठा मान.*

जवळच्या बाया फिस्सकन हसल्या. जगदेव पुढे गेला, पण त्याची मान जरा वळली.

*तेल पेते सवत, वारा खाते पोटभर,*
*काटा रुतला पायी तं बसे धन्याच्या खांद्यावर.*

आता सारा बाजार हसला. जगदेवच्या कोरड्या ओठांचे कोपरे हलले. तो समोरून येत होता आणि तिच्याकडेच पाहत होता. मनकर्णाबाईच्या ओव्या मात्र संपल्या होत्या. मग तिचा आवाज फुटला, आणि जे आलं ते तिने म्हटलं.

*गोल गोल चाले वाट, नाई गाव नाई शीव,*
*उतरा आता धनी, माहा टांगनीले जीव.*

कुणी हसलं नाही. सायकल मंदावली, कलली, आणि जगदेवचा डावा पाय मातीला टेकला.

दिवस अजून कासराभर वर होता.

दोरीखालून वाकून मनकर्णाबाई धावली. तिने त्याला काखेत हात घालून धरलं तेव्हा सायकल आडवी पडली. त्या सायकलकडे कुणी पाहिलंही नाही. गडूतलं पाणी तो घोट घोट प्यायला.

"पहिल्या दोन मले ठाऊक व्हत्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "रोज पहाटी आयकतो. झोपीचं सोंग घेऊन."

"मायबाई!"

"हे तिसरी कवा जुळवली?"

"आत्ता," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

रामसिंगने बैलगाडी जुंपून आणली. दौलतराव फेटा घेऊन जवळ आले. "हा डोक्शाले बांधता येत नाई आता," ते म्हणाले. फेट्याची घडी त्यांनी गाडीतल्या कडब्यावर ठेवली. "उशाले घे."

घरी पोचेपर्यंत जगदेव गाढ झोपला होता. बाजार आटोपून निघालेल्या दोघी-तिघी बाया मनकर्णाबाईच्या दारात थांबल्या.

"ते सवतीची ओवी सांग नं, बाई. आमच्या घरीबी हाय एक."

मनकर्णाबाईने ओठांवर बोट ठेवलं. "सकाळी या. दळाले बसन तवा."

बाया हसत गेल्या. ती आत वळली. बाजेवर जगदेवचे पाय झोपेतही चालत होते, एक वर, एक खाली, हळूहळू. ती कडेला टेकली आणि दोन्ही हात तिने त्याच्या गुडघ्यांवर ठेवले. जरा वेळ पाय तिच्या हातांसकट हलत राहिले. मग एक थांबला, आणि थोड्या वेळाने दुसरा.