नव्या वर्षाची टेप

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. चपलांच्या खोक्याएवढे माझे अंग, वर धरायला मूठ, पुढे आवाज बाहेर पडायला जाळी आणि कडेला दातांसारखी बटणांची रांग. माझ्या पोटात कॅसेट नावाची चपटी डबी बसते आणि तिच्यात तपकिरी फीत गुंडाळलेली असते. लाल बटण दाबून माझ्यासमोर कुणी गायले, बोलले, अगदी खोकले, तरी ते त्या फितीवर उमटते आणि हवे तेव्हा पुन्हा ऐकता येते. चांगले-वाईट निवडण्याची सोय माझ्यात नाही. पुढ्यात येईल ते मी घेतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसलेल्या असत. कुणी माझी चक्रे बसवली, कुणी तारा जोडल्या, कुणी स्क्रू पिळले. शेवटच्या खुर्चीवरची बाई मला तपासायला होती. तिने बटण दाबून म्हटले, "बोल रे बाबा, जाशील त्या घरी नाव काढ." माझ्यावर उमटलेले ते पहिले वाक्य. तिने ते लगेच पुसून टाकले, पण आशीर्वाद काही पुसला जात नाही.

मला ज्यांनी घरी आणले ते छापखान्यात पुस्तके बांधायचे काम करीत. घरात त्यांना सगळे बाबा म्हणत. बाबांनी मला टेबलावर ठेवले तेव्हा आईने कमरेवर हात ठेवून विचारले, "तुम्ही पंखा आणायला गेला होतात ना?"

"वारा काय, येतो नि जातो," बाबा म्हणाले. "हे राहील."

आईने त्या दिवशी मला फडक्याने पुसलेसुद्धा नाही. बटणे दाबून दाबून मला हैराण केले ते दोन मुलांनी. थोरली ताई, आणि तिच्या पाठचा टिल्लू. तो तेव्हा खरोखरच टिल्लू होता. पुढे उंच होऊन दाराच्या चौकटीला डोके आपटू लागला, पण नाव काही बदलले नाही.

बाबांनीच घरात एक प्रथा पाडली. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी चहा झाला की मला मधोमध ठेवायचे. मग प्रत्येकाने सरत्या वर्षात जिवाला लागलेले एक गाणे म्हणायचे आणि त्या वर्षाविषयी मनातले चार शब्द बोलायचे. नियम बाबांचा: "गाणं एक, बोलणं थोडं, आणि खोटं अजिबात नाही."

टिल्लूने एका वर्षी नावाड्याचे गाणे म्हटले, तेही नाकात. मग म्हणाला, "यंदा मी गणितात नापास झालो. त्याचं वाईट वाटलं. पण कुणी रागावलंच नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं." सगळे हसले. बाबा मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते त्याला घेऊन गणिताला बसू लागले.

आईला गाण्यांचे शब्द कधीच आठवत नसत. ती सगळी गाणी "ला ला ला" अशीच म्हणे. एका वर्षी ला ला ला संपवून ती म्हणाली, "खरं सांगायचं ना? मग ऐका. मला चहा मुळीच आवडत नाही. लग्न झाल्यापासून तुमच्यासोबत पितेय." बाबांच्या हातातला कप तसाच राहिला. ती शांतता अजूनही माझ्याकडे आहे.

आणि ताई! ताई गाऊ लागली की शेजारचे लोक खिडकीशी येत. तिचा आवाज उंच आणि स्वच्छ होता, धुऊन उन्हात घातलेल्या चादरीसारखा. मोठी झाल्यावर तिला बस स्थानकावर नोकरी लागली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कुणाची सुटायची वेळ झाली, हे माइकवरून सांगायचे. सगळे शहर तिला चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखायचे. भाजीवाली तर म्हणे, "ताई, तुम्ही भाव विचारलात तरी मला गाडी सुटल्यासारखं वाटतं."

मग बाबा गेले. त्या वर्षी पहिल्या सकाळी कुणी मला मधोमध ठेवले नाही. पुढच्या वर्षीही नाही. घरात फोन आले, गाणी त्यांच्यात शिरली, आणि मी कपाटावर गेलो, बॅगांच्या मागे. कॅसेटींचा डबाही माझ्या शेजारीच ठेवला होता. रागावलो नाही, मित्रांनो. पण कान देण्यासाठी जन्म घ्यावा आणि वाट्याला झुरळांची खुडबुड यावी, हे काही बरे नाही.

किती वर्षे गेली कोण जाणे. एक दिवस टिल्लूचा लांब हात कपाटावर आला आणि मी खाली उतरलो. घर तेच होते, पण गप्प होते. ताई खुर्चीत बसली होती. गळ्याला रुमाल, मांडीवर पाटी.

बोलण्यातून मला हळूहळू कळले. ताईच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण आवाज गेला. उरला तो नुसता हवेचा फुसफुसाट आणि मधूनच लाकूड घासल्यासारखी खरखर. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, "रोज व्यायाम केलात तर आवाज येईल. पहिला येणार नाही, पण बोलता येईल." ताईने 'पहिला येणार नाही' एवढेच ऐकले. तिने बोलणे बंद केले. जे हवे ते ती पाटीवर लिही.

टिल्लूच्या मनात तिला बरे वाटावे एवढेच होते. त्याने तिची जुनी टेप माझ्यात घातली. पण माझ्या आतला रबरी पट्टा सैल पडला होता. चक्रे रडतखडत फिरली आणि ताईचे ते उंच गाणे माझ्या तोंडून म्हैस हंबरावी तसे बाहेर पडले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"संपला हा," टिल्लू चिडून म्हणाला. "भंगारात देऊन टाकू."

ताईने पाटी उचलली, खडूने खरखर करत लिहिले आणि त्याच्यापुढे धरली. 'मग मलाही घेतात का विचार.'

टिल्लूचा चेहरा उतरला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, पाटी वाचली आणि पदराने सगळी पुसून टाकली. "असलं काही लिहायला मी ही पाटी आणली नाही," ती म्हणाली. "भांडायचं असेल तर तोंडाने भांड."

ताईने माझ्याकडे पाहिले. मग उठली, मला पिशवीत घातले आणि चपला पायात सरकवल्या. पाटी टेबलावरच राहिली. ती विसरली नव्हती. दारातून एकदा वळून तिने पाटीकडे पाहिले होते.

पहिल्या दुकानात ताईने फुसफुसत काम सांगितले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काय? मोठ्याने बोला." ताईने पुन्हा सांगितले. "ऐकूच येत नाही हो," म्हणत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसऱ्या दुकानात तिने नुसते मला काउंटरवर ठेवले. दुकानदाराने मान हलवली आणि मला परत पिशवीत घातले. ती बाहेर फुटपाथवर थांबली. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटले, आता आपण घरी जाणार.

आम्ही घरी गेलो नाही. तिसरे दुकान बाजाराच्या टोकाला होते. आत पंखे, मिक्सर, रेडिओ यांचा ढीग आणि सगळ्यांची घरघर. एक म्हातारे मेकॅनिक खाली मान घालून काम करीत होते. ताई अगदी त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ह्याचा पट्टा बदलायचाय." आवाज फाटला, पण शब्द सगळे पोचले.

त्यांनी वर पाहिले. "घसा बसलाय वाटतं?"

"बसला होता," ताई म्हणाली. "आता उठतोय."

मेकॅनिक हसले. त्यांनी जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांतून चार पट्टे शोधले. एक लांब झाला, दोन तुटले, चौथा बसला. माझी चक्रे फिरू लागली आणि कापसाने त्यांनी माझ्यावरची धूळ साफ केली.

दुसऱ्या सकाळपासून ताईचा व्यायाम सुरू झाला. ओठ मिटून "म्", मग "मा", मग "माझं". लाल बटण दाबायचे, बोलायचे, ऐकायचे, तोंड वाकडे करायचे आणि पुन्हा. सगळे एकाच कॅसेटवर, कालचे पुसून त्यावर आजचे. टिल्लू म्हणाला, "ताई, फोनवर कर की, सोपं पडेल."

"ह्याच्या बटणाला जोर लागतो," ताईने अडखळत सांगितले. "जोर लावला की काम केल्यासारखं वाटतं."

मधे असे दिवसही आले की आवाज मुळी निघायचाच नाही. एकदा तिने रागाने मला उशी फेकून मारली. दुसऱ्या दिवशी ती उशी उचलून पुन्हा माझ्यासमोर बसली.

वर्ष संपले. पहिल्या सकाळी ताईनेच मला मधोमध ठेवले. आई आली, टिल्लू आला. आईने हळूच म्हटले, "तू गाऊ नकोस हं, घशाला त्रास होईल. तुझी जुनी टेप लावू. बाबांनाही ती किती आवडायची."

टिल्लूने जुनी टेप लावली. ताईचा तो उंच, धुतलेला आवाज खोलीभर पसरला. आई डोळे पुसू लागली. गाणे संपेपर्यंत ताई ताठ बसून ऐकत होती. ते संपताच तिने मला थांबवले.

"छान गायची ती," ताई म्हणाली. "आता माझं ऐका."

"ह्याच टेपवर?" टिल्लू दचकला. "अगं, तुझं गाणं पुसलं जाईल!"

"गाणं संपलंय ना? त्याच्यापुढे कोरी जागा आहे. तिथून."

तिने लाल बटण दाबले. सोपे, खालच्या पट्टीतले पाळणागीत होते. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीत आवाज तुटला. आईने मदतीला म्हणून ला ला ला सुरू केले, पण ताईने हात वर केला आणि आई थांबली. ताईने श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली. पुन्हा तुटली. तिसऱ्या वेळी ती ओळ पार झाली. बेसूर होती, खरखरीत होती, पण अख्खी होती.

मग ती बोलली, थांबत थांबत. "यंदा माझा आवाज गेला. मला वाटलं मीच गेले. तसं नव्हतं. पहिल्यासारखं गाता येणार नाही, त्याचं दुःख आहे आणि ते राहील. पण मी गप्प बसणार नाही. एवढंच."

मग टिल्लू नाक ओढत म्हणाला, "ताई, आता माझी पाळी. मी नावाड्याचंच म्हणणार, चालेल?" आणि सगळ्यांना रडता रडता हसू फुटले.

ताईला माइक पुन्हा मिळाला नाही. तिथे आता दुसरी मुलगी बोलते. ताई चौकशीच्या खिडकीत बसते. लोक जाळीशी कान लावून तिचे बोलणे ऐकतात. कुणी "मोठ्याने बोला" म्हटले तर ती सांगते, "तुम्ही जवळ या." लोक येतात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना झिजण्याची भीती वाटत नाही. झिजलेला पट्टा बदलता येतो, पण अडगळीत पडून राहिलो की आम्ही आतून गंजत जातो. म्हणून घरातल्या जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा उघडून बघा, पुसा, वापरा. आणि आपल्या माणसांना वर्षातून एकदा तरी समोर बसवून त्यांचे आवडते गाणे आणि मनातले बोलणे ऐका. तुमची पाळी आली की आवाज चांगला होईपर्यंत थांबू नका. आज जो आवाज असेल त्यातच बोला. तुटला, तर तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून धरा.