तात्यांच्या हर्नियातली भानगड

आमच्या घरात वाईट बातमी थोरल्या माणसाला सांगत नाहीत. त्याला सोडून अख्ख्या शेळगावाला सांगतात. ही अक्कल कुणाची, ते मला विचारू नका, मी सून आहे.

सासरे, म्हणजे झुंबरतात्या, जांघेतला हर्निया चार वर्षं लंगोटानं आवळून हिंडत होते. शेवटी बारामतीला ऑपरेशन झालं, तर डॉक्टरांना हर्नियाच्या पिशवीत मोहरीएवढे पांढरे दाणे दिसले. तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी कळलं, आतड्याचा कॅन्सर पसरत तिथवर आला होता. औषधं लगेच सुरू करायला हवीत, उशीर परवडणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सोमवारी पुण्याला बोलावलं होतं.

"त्यास्नी सांगायचं न्हाय," सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, फर्मान काढलं. "भ्यूनच जात्याल."

इकडं तात्यांनी मला गोठ्यात गाठलं. "पोरी, भूल कमरंखालीच हुती. डॉक्टर काय बोललं, समदं ऐकलंय म्या. रिपोर्ट वंगाळ आला न्हवं?"

मी शेणाची पाटी उचलली आणि सोमवारी पुण्याला जायचंय, एवढंच सांगितलं. तेवढ्यावर ते समजले.

"तुझ्या सासूला सांगू नगंस. हाय खाईल."

झालं! सासूबाईंना पुण्याचं नाव धड काढता येईना, कारण तात्यांना कळेल. तात्यांना पुण्याला जाता येईना, कारण सासूबाईंना कळेल. शेजारच्या फुलाबाई शहाळं घेऊन आल्या आणि हर्नियासाठी ढसाढसा रडून गेल्या. माझा नवरा शिवम म्हणे, आपण मधे पडायला नको. बापाच्या जिवाशी खेळ चाललाय आणि हा मधे पडत नाही! मला असा संताप आला.

रविवारी जेवताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "टाकं दावायला उंद्या पुण्याला जाऊन या की."

"टाकं बारामतीत घातल्यात. पुण्याला काय दावायचं?" तात्या उलटले.

मी भाकरीची परात आपटली. "पुरं करा आता! कॅन्सर हाय, ह्ये तात्यास्नी ठावं हाय आन आत्यास्नी बी. उंद्या सकाळी गाडी निघंल."

आता माझी खरडपट्टी निघणार, असं वाटलं. पण सासूबाई तात्यांकडे वळल्या.

"कवापास्नं ठावं हाय?"

"टेबलावर निजलो हुतो तवापास्नं."

"आन इतकं दीस एकलंच सोसत बसला?" त्यांनी ताट बाजूला सारलं. "मग मी कशाला हाय घरात?"

तात्यांनी आमच्यादेखत त्यांचा हात धरला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली असतील, पण असं कुणी पाहिलं नव्हतं.

"उंद्या तू बी चल संगं," ते म्हणाले. "मला लई भ्या वाटतंय."