‘हो’खाली सरकलेली खूण

मुलुंडच्या एका संस्थेत गरजूंना कानाची मशीन मोफत मिळते. अर्जाचा फॉर्म ईमेलवर जातो आणि भरून ईमेलवरच परत येतो. हा फॉर्म ऑफिसातल्या संघमित्राने वर्डमध्ये बनवला होता. शब्द जागच्या जागी बसावेत म्हणून तिने स्पेसबार दाबून दाबून ओळी जुळवल्या होत्या; ‘हो’ आणि ‘नाही’ एका ओळीत, आणि खूण करायची ती त्यांच्या खालच्या ओळीत. आपणही असंच करतो. आपल्या स्क्रीनवर नीट दिसलं की झालं काम.

एका सकाळी घाटकोपरची शकु नवऱ्याला घेऊन ऑफिसात आली. नवरा शिवदास एका सोसायटीत वॉचमन. त्याला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन लाव, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असं सोसायटीने बजावलं होतं.

“मॅडम, यांचा अर्ज का नाकारला?”

संघमित्राने फाईल उघडली. “याआधी मशीन मिळाली आहे का, असं विचारलंय. तुमच्या मिस्टरांनीच ‘हो’खाली खूण केलीय. मग आता परत कशाला?”

“कुठची मशीन? घरात टीव्ही फुल आवाजात चालतो, शेजारी शिव्या घालतात. मशीन असती तर कानात घातली असती ना, का कपाटात ठेवून पूजा केली असती?”

“लिहिलंय ते मी वाचते, ताई. लोक खोटं बोलतात, आम्हाला रोजचं आहे.”

शिवदास दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होता. “काय म्हणतात गं?” त्याने मोठ्याने विचारलं. शकुने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्हाला खोटारडा म्हणतात, हे खुणेने कसं सांगायचं?

आवाज ऐकून रेवतीताई बाहेर आल्या. कान तपासायचं काम त्यांचं. “यांना मी तपासलंय. यांनी कधी मशीन लावलेली नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी शिवदासचा मोबाइल मागून घेतला आणि त्याने पाठवलेला अर्ज उघडला. तिथे खूण बरोबर ‘नाही’खाली होती.

“फाईल एकच आहे ना गं, संघमित्रा?”

“स्पेस सरकल्या असतील,” ती पुटपुटली. “मोबाइलवर अक्षरं लहान-मोठी दिसतात, मग वरचा शब्द एकीकडे आणि खालची खूण दुसरीकडे.”

“मग खोटं कोण बोललं? या माणसाने खरं उत्तर दिलं. ते आपल्या फॉर्मने बदललं आणि लबाड तू त्याला ठरवलंस. हा फॉर्म दुसऱ्याच्या मोबाइलवर कसा दिसतो, कधी बघितलंस?”

संघमित्राने कधीच बघितलं नव्हतं. तिने घाईने वरिष्ठांना फोन लावला, विनवण्या केल्या. पण या वर्षीच्या मशीन वाटून झाल्या होत्या. आता पुढच्या वर्षी.

ती शिवदाससमोर उभी राहिली. “काका, चूक माझी आहे.”

त्याला ऐकू आलं नाही. मशीन मिळाली असं वाटून तो हसला आणि त्याने हात जोडले. शकुने ते हात हळूच खाली घेतले.

नाकारलेल्या इतर अर्जांतही सरकलेल्या खुणा निघाल्या. त्या लोकांना काय कळवावं, संघमित्राला सुचेना. तिने नवा पीडीएफ फॉर्म केला. त्यात प्रत्येक उत्तराला स्वतःची चौकट होती. बोट लावलं की खूण तिथेच बसे. तो तिने आधी स्वतःला पाठवला, रेवतीताईंच्या मोबाइलवर भरला आणि परत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितला. मगच लोकांना पाठवला. तोवर शिवदासच्या गेटवर दुसरा माणूस बसला होता.

मंडळी, फॉर्म पाठवण्याआधी तो एकदा स्वतः भरा, समोरच्याकडे असेल तशा मोबाइलवर. आणि उत्तर चुकीचं दिसलं, तर माणसाला खोटा म्हणण्याआधी त्याला विचारा.