उतारू

आमच्या घरात डोळे माझ्याकडे आणि दात ताईकडे, असं मामा म्हणायचे. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि माझी थोरली बहीण एका दंतवैद्याकडे कवळ्या करते. "गुडघ्यांची जबाबदारी तेवढी कुणी घेतली नाही," असं म्हणून मामा पाय चोळत बसायचे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. उभी हयात फेरीबोटीच्या सुकाणूवर घालवली. नदीवर पूल झाला, बोट भंगारात गेली, आणि मामा ताईकडे राहायला आले. तळमजल्यावरची तिची जागा छोटीच. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत ताईचं कामाचं टेबल. तिथे प्लास्टरचे जबडे, मेणाच्या कांड्या आणि आम्हा दोघांचं एकुलतं एक व्यसन: रिमोटवर चालणाऱ्या बोटी.

हे खूळ आम्हाला वीस वर्षांपासूनचं. माझी एक टग आहे, मोठ्या जहाजांना ओढून नेणारी असते तसली, काळी, बुटकी, माझ्यासारखीच पोट सुटलेली. ताईचा हात मात्र देवाघरचा. दाताच्या कडेला नखभर फट राहिली तरी माणसाचं तोंड सोलतं, त्यामुळे तिच्या कामात 'चालतंय' हा शब्दच नाही. गेल्या वर्षी तिने मामांची फेरीबोट करायला घेतली. मूळ बोटीच्या चोविसाव्या हिश्श्याची, बरोबर एक मीटर लांब. नकाशा कुठेच मिळाला नाही. नकाशा मामांच्या डोक्यात.

"कठडा एवढा उंच नव्हता. बायका पोरांना त्यावर टेकवून बसवायच्या."

"मामा, मग पोरं पडायची नाहीत?"

"माझ्या बोटीवरून? एकदा पडलं एक. आईने असं कानफटवलं की पुन्हा कुठलंच पोर पडलं नाही."

बाकं सागाच्या कापट्यांची झाली. बुडणाऱ्याला फेकायच्या कड्या ताईने कवळीच्या अॅक्रिलिकमधून ओतल्या, त्यामुळे त्या हिरड्यांसारख्या गुलाबी दिसायच्या. मग त्यांना वरून नारंगी रंग दिला. बोटीवर माणसं मात्र तिने ठेवली नाहीत. तिला खेळण्यातली माणसं आवडत नाहीत, त्यांचे चेहरे धड नसतात म्हणते. तळात शिशाचे तुकडे बसवून तिने बोट न्हाणीघरातल्या टबात इतकी नेमकी तोलली, की खालचा लाल रंग जिथे संपतो आणि वरचा पांढरा जिथे सुरू होतो, त्या रेघेला पाणी ओठ लावल्यासारखं टेकलं.

आम्ही रविवारी सकाळी नदीच्या जुन्या फाट्यावर बोटी सोडतो. पुलानंतर प्रवाह सरकला आणि हा तुकडा मागे राहिला, गाळाने अरुंद झालेला, हिरवट, स्थिर. फेरी चालायची ती इथेच. अलीकडे दगडी धक्का अजून आहे, त्याच्या शेजारी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पलीकडे जुन्या फलाटाचे चार खांब लव्हाळ्यात उभे. त्या बाजूला वस्ती नाही. पूर्वी होती म्हणतात, मी पाहिलेली नाही.

पहिल्या रविवारी फेरी पायऱ्यांवरून पाण्यात ठेवली आणि ताईने तिला थेट पलीकडे नेलं. फार देखणी चालली ती. खांबांपाशी ताईने वेग कमी केला, हौसेने दोन मिनिटं तिथे थांबवली, आणि वळवून आणली. मी वाकून उचलायला गेलो तर लाल-पांढऱ्यामधली रेघ दिसेना. पांढऱ्या पट्ट्याचंही थोडं पाण्यात गेलेलं.

"ताई, गळतेय."

आम्ही तिथेच झाकण उघडलं. आत खडखडीत कोरडं. बॅटरी, मोटर, रिसीव्हर, सगळं जागच्या जागी. तळाला शेवाळ लागलेलं नव्हतं. घरी आणून वजनकाट्यावर ठेवली. निघताना होतं तेवढंच वजन, एका ग्रॅमचा फरक नाही.

"पाण्यात फरक असेल," मी म्हणालो. "टबातलं वेगळं, तिथलं वेगळं."

"जाताना रेघ बरोबर होती," ताई म्हणाली. "पाणी तेच होतं."

पुढच्या रविवारी मला हसू यायचं थांबलं. कारण काट्यावर नेहमीचं वजन दाखवणारी बोट पाण्यात ठेवताक्षणी मागच्या वेळेइतकीच खाली बसली. जणू आठवडाभर ते ओझं घेऊन ती टेबलावर उभी होती. ताई हट्टी. तिने फेरी पलीकडे नेली, थांबवली, आणली. परत येताना ती अजून खाली होती, आणि वळताना जड माणूस कूस बदलतो तशी सावकाश कलत होती.

त्या आठवड्यात मी ताईकडे गेलो तेव्हा मधल्या खोलीचं दार लावलेलं होतं. उघडलं तर आतून उबट हवा तोंडावर आली, ओल्या कपड्यांच्या वासाची. खिडकीची काच आतून घामाने भरलेली.

"काही शिजवत होतीस?"

"इथे? टेबलावर?" ताई म्हणाली. "रोज सकाळी असंच असतं. पुसते, पुन्हा येतं. मेण बघ, मऊ पडलंय. हात लावला की आकार जातो. माझं काम खोळंबलंय रे."

बोट टेबलाच्या कडेला लाकडी घोडीवर उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि उगाच आवाज खाली आणला. का, ते सांगता येणार नाही. भरलेल्या खोलीत आपण जसे हळू बोलतो, तसं झालं.

मामांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला घोर लावायचा. शिवाय ताईला अजूनही वाटत होतं की आपल्याच हातून कुठेतरी चूक राहिली आहे. तिने ठरवलं की तिसऱ्या वेळी मी पुलावरून पलीकडे जायचं आणि खांबांपाशी उभं राहून बघायचं.

तसा मी गेलो. पुलापासून काठाकाठाने चालत खांबांपर्यंत यायला बराच वेळ लागला. सकाळ लख्ख होती. वारा नाही, लव्हाळ्याचं पातंही हलत नव्हतं. मी फलाटाच्या उरलेल्या दगडावर उभा राहिलो आणि हात केला. ताईने फेरी सोडली. मोटरचा बारीक आवाज जवळ येत गेला, आणि बोट माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन खांबाला टेकून थांबली.

मग ती माझ्या बाजूला झुकली. जरा सावरली. पुन्हा झुकली, पुन्हा सावरली. दर वेळी केसभर खाली. बाकांवर काहीच नव्हतं. मी चष्मेवाला आहे, माझ्या नजरेची मला खात्री आहे. ती रिकामी होती आणि भरत होती.

आणि मी बाजूला सरकलो. मला कुणी धक्का दिला नाही, काही ऐकूही आलं नाही. रांगेत मागून कुणी घाईत आलं की आपण विचार न करता खांदा काढून घेतो, तसा मी खांदा काढून घेतला. एकदा नाही, दोन-तीनदा. शेवटी पार चिखलात जाऊन उभा राहिलो तेव्हा माझं मला कळलं की मी वाट देतोय.

मी ओरडलो, "ताई, ने! आधी ने तिला!"

मी धापा टाकत परत पोचलो तेव्हा ताईने बोट पायऱ्यांवर उचलून घेतली होती. तिचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता. पाणी डेकच्या कडेला लागायला बोटभर उरलं होतं, ती म्हणाली.

घरी आलो. मामा पुढच्या खोलीत बसले होते. आमच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "काय रे, चष्मिस? भूत बघितलंस का?"

मग मी सगळं सांगून टाकलं. ताई मधे मधे दुरुस्त करत राहिली. मामांनी एकदाही 'छे' म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पलीकडून भरून येते, बरं. मग अलीकडे उतरवता कुठे?"

"उतरवतो म्हणजे?"

"अगं पोरी, बोट धक्क्याला लावता का? फळी टाकता का?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. "आम्ही पायऱ्यांवर हाताने उचलतो, मामा. आणि पिशवीत घालून घरी आणतो."

"म्हणजे तीन रविवारचे उतारू तू घरात आणून ठेवलेस." मामांनी मधल्या बंद दाराकडे पाहिलं. "आणि वर विचारतेस काचेला घाम का येतो!"

मला हसावं की पळावं कळेना. "मामा, पण हे आहेत कोण?"

"कोण म्हणजे? उतारू," मामा म्हणाले. "मी कधी कुणाला 'तू कोण' म्हणून विचारलं नाही. माणूस फलाटावर उभा असला की त्याला घ्यायचं आणि पलीकडे उतरवायचं. चला, काठी द्या माझी."

"आत्ता?"

"मग काय त्यांना जेवायला घालणार आहेस?"

पूल झाल्यापासून मामा त्या पाण्याकडे फिरकले नव्हते. आम्ही त्यांना रिक्षातून नेलं. बोट ताईच्या मांडीवर होती. तिने दोन्ही हातांनी कठडा असा धरला होता, जसा कुणी पडू नये म्हणून धरतात.

पायऱ्यांवरून बोट पाण्यात ठेवली तेव्हा पाणी डेकशी आलं. एक लाट पुरे होती. मामा धक्क्यावर काठी रोवून उभे राहिले आणि त्यांचा आवाज बदलला. घरातला कुरकुरणारा आवाज नव्हेच तो.

"हळू. अजून हळू. सुकाणू डावीकडे, थोडं, बस. मोटर बंद कर. आपली आपण येईल ती. तिला घाई करू नकोस, वर माणसं आहेत."

बोट सरळ आली आणि दगडाला अलगद टेकली. मी पोटावर आडवा होऊन दोरी धरली. फळी नव्हती. ताईने पर्समधून प्लास्टर कालवायची पोलादी सुरी काढली आणि कठड्यापासून दगडापर्यंत आडवी ठेवली.

"सावकाश," मामा पाण्याकडे बघून म्हणाले. "पाय बघून. पोरांना आधी द्या. मागच्यांनी ढकलू नका, सगळ्यांना उतरायला मिळेल."

सुरी किंचित वाजली. दगडावर नख वाजावं एवढीच. मग पुन्हा. मग ती वाजतच राहिली. बोट आमच्याकडे झुकायची, सुटायची, आणि दर वेळी थोडी वर यायची. पांढरा पट्टा दिसायला लागला, मग पुरा दिसला. माझ्या गालावरून ओलसर ऊब सरकत होती, एकामागून एक. मी डोळे मिटले नाहीत, पण वर मात्र बघितलं नाही. ताई रडत होती. भीतीने की कशाने, तिलाही सांगता आलं नाही नंतर.

लाल रंगाची रेघ पाण्याबाहेर आली आणि सुरी गप्प झाली. मामा अजून थांबले होते. "आजी, तुम्ही राहिलात," ते म्हणाले, आणि वाकवेना तरी वाकून त्यांनी हात पुढे केला. सुरी एकदाच वाजली. मामांचा हात थोडा खाली ओढला गेला, मी पाहिलं. मग त्यांनी तो कोटाला पुसला. "झालं. रिकामी."

मी निघायच्या तयारीला लागलो, पण मामा धक्क्यावरच्या दगडावर बसले. म्हणाले, सकाळी येणारी माणसं संध्याकाळी परत जातात. त्यांच्या नोकरीत रोज तसंच होतं. शेवटची फेरी चुकवायची नाही. आम्ही थांबलो. बोट धक्क्याला बांधलेली, सुरी तशीच आडवी. दुपार कलली, ऊन पाण्यावरून निघून गेलं, रस्त्यावरचे दिवे लागले. दोन-तीन कुत्री येऊन गेली. सुरी वाजली नाही. बोट आपल्या रेघेवर निवांत उभी होती, हलकी.

शेवटी मामा उठले. "एकेरीच तिकीट काढलं असणार," ते म्हणाले.

"म्हणजे?" ताईने विचारलं. "परत जाणार नाहीत? मामा, एवढी सगळी माणसं, आता इथेच?"

"गाव मोठं आहे. मावतील." आणि ते रिक्षा शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी ताईच्या खोलीची काच कोरडी होती आणि मेण कडक. तिने खोळंबलेल्या कवळ्या आठवड्यात उरकल्या. मामा आता दर रविवारी आमच्याबरोबर येतात आणि माझ्या टगला नावं ठेवतात. फेरीही आम्ही सोडतो, ती छान चालते, पण अलीकडच्या काठाकाठाने. पलीकडे न्यायची नाही असं कुणी ठरवलेलं नाही. ताईच्या मनात येत असावं, कारण कधी कधी ती रिमोट हातात घेऊन त्या खांबांकडे बराच वेळ बघत राहते.

"कुणी उभं आहे का रे?" परवा तिने मला विचारलं.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणालो की एवढ्या लांबचं मला दिसत नाही.